बाटली नंबर एक

१२ मार्च २०२५, बुधवार

अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा एक कोरं रजिस्टर माझ्याकडे राहून गेलं. परत द्यायला गेले तर मॅडम म्हणाल्या, राहू द्या आठवण म्हणून. त्यात रकाने छापलेले आहेत: दिनांक, हजर बालके, वजन, शेरा. मी शेऱ्याच्या रकान्यातून सुरू करते आणि पानभर पसरते. आमच्या ह्यांना, म्हणजे बापूरावांना, वाटतं मी पापडाची मापं लिहून ठेवते. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नाही, पण इथं लिहायला मला कोण अडवतं?

आज सकाळी आमची लेक संघप्रिया परत गेली. दोन दिवस राहिली. बापूराव तिला चिमूरच्या स्टँडवर सोडून आले, मी फाटकापर्यंतच गेले. चार वर्षं आमचं असंच चालू आहे. ती नाशिककडे एका लहानशा द्राक्षमळ्यावर वाईन बनवते आणि मी त्याबद्दल एक अक्षर विचारत नाही. जेवण, झोप, केस गळणं, सगळं विचारते. काम सोडून.

विचारू तरी कसं? मी नाल्यानाल्यातून मोहाच्या दारूचे डबे उकरून काढले. दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत मोर्च्यात पायी गेले. माझ्या पोरीला मी जंतुशास्त्र शिकवलं ते काय यासाठी? ज्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी उठली त्याच वर्षी ती तिकडे नोकरीला लागली. मला एकाच वर्षात दोन्हीकडून मार बसला.

दुपारी गोधड्या उन्हात घालायला पेटी उघडली, तर मधल्या गोधडीत तिची शाळेची पांढरी ओढणी आणि ओढणीत बाटली. काळपट, जड. कागदावर तिच्याच अक्षरात: मेर्लो, १/२६०. सोबत चिठ्ठी.

"आई, मेर्लो हे द्राक्षाचं नाव आहे. आमच्याकडे त्याची अर्धा एकरच बाग आहे, म्हणून एवढ्याच बाटल्या झाल्या. ही माझी पहिली वाईन आणि त्यातली ही पहिली बाटली. आडवी ठेव, अंधारात, थंडाव्यात. पाच वर्षांनी खरी तयार होईल. फोडायची असेल तर फोड, तुझा हक्क आहे. पण आधी मला फोन कर."

फोन केला नाही. फोडलीही नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, आपण कोण हात लावणारे.

१३ मार्च

शकुबाई आमच्या महिला समितीची अध्यक्ष आहे आणि तिची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे. तिला माझ्या घरात बाटली दिसली तर मला गाव सोडून जंगलात वाघाच्या शेजारी राहावं लागेल.

सकाळपासून बाटलीने चार जागा बदलल्या. तांदळाचा पिंप: बापूराव रोज तांदूळ काढतात. धान्याच्या कोठीमागे: उंदीर. कपाटात साड्यांखाली: तिथं ती फार घरच्यासारखी दिसायला लागली, ते मला आवडलं नाही. शेवटी पुन्हा गोधडीत.

१९ मार्च

संघूचा फोन.

"आई, पेटी उघडली काय?"

"उघडली."

"मंग?"

"गोधड्या वाळत घातल्या."

तिने विषय सोडला नाही. मग म्हणाली, "उन्हाळ्यात तिले जपा लागते. पंधराच्या वर जाऊ द्याचं नाई."

"पंधरा काय?"

"डिग्री."

"संघू, चिमुरात पंधरा डिग्री डिसेंबरातल्या पहाटेला असते. ते काय मी धरून ठेवू?"

ती हसली. पुष्कळ दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसली. "जमते तेवढं कर. नाईच जमलं तर फोडून टाक."

मला राग आला. जमणार नाही म्हणजे काय? पोलिओच्या लसीचा थंड डबा मी वीस वर्षं सांभाळला. भर मे महिन्यात, एसटीच्या तापलेल्या इंजिनाजवळ बसून. एक कुपी वाया जाऊ दिली नाही. बाटलीवर माझं काही प्रेम नाही, पण कोणी मला जमणार नाही म्हणावं हे चालायचं नाही.

२ एप्रिल

जागा ठरली. स्वयंपाकघरात माठाची तिवई आहे, तिच्याखाली घमेलं, घमेल्यात ओली वाळू, वाळूत बाटली आडवी, वर चौपदरी ओला बारदाना. माठाचा पाझर थेंब थेंब त्यावरच पडतो. पाहणाऱ्याला वाटावं, तिवईखाली पाणी सांडू नये म्हणून पोतं ठेवलंय. लसीच्या डब्यातला जुना थर्मामीटर माझ्याकडे होता तो वाळूत खोचला. बाहेर एकेचाळीस, आत सव्वीस.

पंधरा नाही. पण सव्वीस कोणी करून दाखवावेत.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक, मग सगळ्या बाया माझ्याच घरी पाणी प्यायला. मी तिवईसमोर उभी राहिले ती हललेच नाही. शकुबाई मात्र मला बाजूला सारून चारदा माठाकडे गेली. पेला भरायची, दोन घोट प्यायची आणि अर्धा पेला सांडायची, नेमका बारदान्यावर. मी म्हटलं, "राहू द्या बाई, मी देते." तर म्हणते, "काऊन, माझे हात तुटले काय?"

तुटले नाहीत, पण कापतात बिचारीचे. सत्तरी आली. एकेकाळी तिने एका हाताने वीस लिटरचा डबा उलटा केला होता.

२२ एप्रिल

माझ्या नाकाबद्दल लिहायचं राहिलं. समितीत प्रत्येकीचं काही ना काही होतं. शकुबाईचा आवाज होता, माझं नाक होतं. मोहाचा सडवा आंबायला ठेवून वर माती, पाला, शेण काहीही टाका, मी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि बोट दाखवायची. अंगणवाडीतही तसंच. तांदळाचं पोतं ओल्या बारदान्याचं निघालं की मी न उघडता परत पाठवायची. पुरवठादार माझ्या नावाने बोटं मोडायचा. मुलं आजारी पडली नाहीत, मला तेवढं पुरे.

संघू लहानपणी म्हणायची, आई, आपण आज कोणाच्या घरी काय शिजतंय ते ओळखायचं खेळू. ती सात वर्षांची असताना मला हरवायची. हे आज उगाच आठवलं.

४ मे

सेहेचाळीस. काही सुचत नाही.

बारदान्याचं मात्र नवल आहे. मी सकाळी दहाला आणि चारला पाणी मारते. आज दोनला पाहिलं तर आत्ता भिजवल्यासारखा ओला. जुना ताग पाणी चांगलं धरतो, हे आता कळलं.

बापूरावांचंही नवल आहे. बैठकीतला कूलर त्यांनी ओढत ओढत स्वयंपाकघरात आणला आणि तोंड तिवईकडे केलं. म्हणतात, "मले आता इथीच झोप लागते." स्वतः मात्र कूलरच्या वाऱ्यात झोपत नाहीत, बाजूला जमिनीवर पडतात. तीस वर्षं एसटीचं स्टीअरिंग धरून माणसाच्या डोक्याला ऊन लागतं की काय कोण जाणे.

१० मे

संघूचा फोन आला. बुद्धपौर्णिमेला येतेय. शिवाय सांगितलं, मुंबईचे कोणी गृहस्थ आहेत, दुर्मीळ वाईन जमवून ठेवतात. त्यांनी तिच्या सगळ्याच्या सगळ्या बाटल्या मागितल्या आहेत. दहा जूनला गाडी येणार. त्यांच्या तळघरात गेलेल्या वाईनचं नाव होतं म्हणे, आणि मळ्याचे मालक म्हणालेत की हे जमलं तर पुढच्या वर्षीपासून बाटलीवर तिचं नाव छापू.

मी म्हटलं, "जेवण होते न वेळेवर?"

फोन ठेवल्यावर स्वतःवर चिडले. एवढं सांगत होती पोरगी, एक "बरं झालं" तोंडातून निघायला काय झालं होतं? निघालं नाही, हे खरं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

संघू आली. विहारात माझ्याच शेजारी बसली. पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला मी आवाज जरा चढवला, तिनेही चढवला. शकुबाईने वळून दोघींकडे पाहिलं.

घरी आल्यावर तिने सरळ तिवईखाली वाकून बारदाना उचलला. म्हणजे तिला कोणीतरी जागा सांगितली होती. थर्मामीटर पाहिला, वाळूत बोट घातलं आणि तशीच उकिडवी बसून राहिली. मी म्हटलं, "सव्वीसच्या खाली उतरला नाई. पंधरा काई झाला नाई मले." ती उठली आणि मला मिठी मारली. घामाने ओलीचिंब होती. मी म्हटलं, आधी आंघोळ कर.

१४ मे

आज जे झालं ते नीट लिहिते.

दोन दिवस ती एकच धोशा लावून होती. "पिऊ नको. फक्त वास घे. पाचव्या शीलात नाकाचं काई लिहिलं नाई." मी मनातल्या मनात शील पुन्हा म्हणून पाहिलं. खरंच नाही. आज सकाळी, बापूराव दळण आणायला गेले तेव्हा, मी हो म्हटलं.

तिने स्क्रूने बूच काढलं. चहाच्या काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतली. आधी स्वतः हुंगली, डोळे मिटले, चेहरा खुलला. मग पेला माझ्यापुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. अख्ख्या आयुष्यात जो वास शोधला तो मोडून टाकण्यासाठी शोधला.

हुंगले. एकदा, दोनदा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बारदाना."

"काय?"

"ओल्या बारदान्याचा वास येते. सडलेल्या."

संघूने पेला ओट्यावर ठेवला. "चार वर्षं, आई. चार वर्षं तू एक शब्द बोलली नाई. आज बोलली तं हे? माझं एक काम तरी तुले कधी चांगलं वाटलं काय?" आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मग कळलं. पोरीची वाईन चांगलीच असणार. दीड महिना चौपदरी बारदाना कोणी घातला? मी. सडवला कोणी? मी. तिच्या पहिल्या बाटलीची मी माती केली आणि वर तिलाच ऐकवलं.

दाराशी जाऊन म्हटलं, "संघू, माझीच चूक झाली. बारदाना मी घातला. जास्त ओला झाला असन."

तेवढ्यात बापूराव दळणाचा डबा घेऊन आत. चेहरे पाहिले, ओट्यावरची बाटली पाहिली. म्हणाले, "तुही एकटीची नाई. दुपारी मीच टाकत होतो पाणी. अन् कूलर तिच्याचसाठी लावला होता."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. आणि भिंतीपलीकडून शकुबाईचा आवाज, जशी काही ती भिंत नसून पडदा आहे: "मी बी टाकलं बाप्पा. जयंतीच्या दिवशी चार पेले. अन् तुम्ही बाजाराले गेले की खिडकीतून रोज एक तांब्या."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटीच लपवत होते.

शकुबाई मागच्या दाराने आत आली. बसली. बाटली उचलून पाहिली, पुन्हा ठेवली. मी मान खाली घालून उभी, आता काय ऐकवते म्हणून. ती म्हणाली, "असं काऊन पाहून राह्यली माझ्याकडं? आपण डबे फोडले ते माणसं पिऊन येऊन बायायले मारत होते म्हून. हे बाटली दोन महिन्यांपासून इथी लोळून राह्यली. कोणाले मारलं तिनं?"

संघू मात्र आमचं काहीच ऐकत नव्हती. बाहेर आली होती आणि बूच हातात घेऊन पुन्हा पुन्हा हुंगत होती.

"आई, बारदान्याचा वास बाहेरून बाटलीत शिरत नाई. उन्हानं वाईन लवकर म्हातारी होते, पण असा वास नाई येत." मग हळू म्हणाली, "असा वास खराब बुचाचा असते. पुस्तकात आहे. काही लोकायच्या नाकाले तो येतच नाई. तुले नक्की आला?"

मी म्हटलं, "वीस वर्षं मी याच वासाची पोती परत पाठवली."

ती खाली बसली. बाटलीत भरल्यापासून वाईन थोडी दबल्यासारखी वाटत होती म्हणे. तिला वाटलं, नवी आहे, खुलेल. मालकांनाही तसंच वाटलं. आता दोनशे साठ बाटल्या आणि दहा जून.

"आई, येतं का माझ्यासंगं मळ्यावर?"

मी लगेच म्हटलं, "मी दारूच्या कारखान्यात पाय ठेवणार नाई."

शकुबाई म्हणाली, "दारूच्या कारखान्यात जाची तं तुले सवय आहे. आजपर्यंत दुसरं केलं काय?"

१७ मे, नाशिक

चिमूरहून नागपूर बसने, नागपूरहून नाशिक गाडीने. बापूराव घरी राहिले.

मला वाटलं होतं भट्टी असेल, धूर असेल, माणसं पडलेली असतील. कारखाना तो काय, माझ्या अंगणवाडीहून स्वच्छ. लाद्या धुतलेल्या, पाइप खुंटीला गुंडाळून ठेवलेले, भिंतीवर संघूच्या अक्षरात तक्ते. मी नकळत एका टाकीमागे बोट फिरवून पाहिलं. धूळ नव्हती.

बाग छाटलेली आहे, नवी पालवी हातभर आलीय. फळ आता नाही. संघू एकेका ओळीची माहिती सांगत पुढे चालत होती आणि मी मागून. मधेच मी विचारलं, "हे छाटणी तूच करते?" ती थांबली. कामाबद्दलचा माझा हा पहिला प्रश्न होता. तीन ओळी संपेपर्यंत ती उत्तर देत होती. मला निम्मंच कळलं, पण मी थांबवलं नाही.

१९ मे

आज माझी परीक्षा झाली, आणि एक थेंबही दारू न शिवता.

बाटल्या भरल्या तेव्हा बुचांच्या दोन थैल्या होत्या. पहिल्या दिवशी पहिल्या थैलीतून शहाण्णव बाटल्यांना बुचं लावली आणि दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी कामगाराने नवी थैली फोडली. दोन्हींतली उरलेली बुचं फडताळात होती. संघूने चोवीस-चोवीस काढली, एकेक बूच एकेका पेल्यात साध्या पाण्यात कालपासून भिजत घातलं, वर बशी झाकली. पेल्यांच्या बुडाला खडूने नंबर. कुठला पेला कुठल्या थैलीचा हे मला सांगितलं नाही. मालकांनी घरातले पेले कमी पडले म्हणून शेजारून आणले होते.

अठ्ठेचाळीस पेले. मी बशी सरकवायची, हुंगायची, पुढे जायची. दर पाच पेल्यांनंतर अंगणात जाऊन मोकळी हवा. बाराव्याला "बारदाना". सतराव्याला "बारदाना". मालक उंच, गोरे, मृदू बोलणारे आहेत. सुरुवातीला हाताची घडी घालून उभे होते, शेवटी स्वतः बश्या उचलून देत होते.

नऊ पेले मी बाजूला काढले. संघूने ते उलटे करून खडूचे नंबर पाहिले. नऊच्या नऊ पहिल्या थैलीतले. दुसऱ्या थैलीतला एकही नाही.

संघूने नंबर वहीत उतरवले. मग मालक म्हणाले, "ताई, चहा घेणार का?" मी म्हटलं, घेणार, पण दुसऱ्या पेल्यात.

२० मे

नुसत्या माझ्या नाकावर एवढा निर्णय नको म्हणून संघूने बुचं पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवली. बरोबर केलं. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

दुपारी तिने दुसऱ्या थैलीची एक बाटली उघडली. मी आपणहून पेला हातात घेतला.

आता हे कसं लिहू? आधी जांभूळ. पिकून खाली पडलेलं नाही, झाडावरचं, बिया टाकून नुसता गर. त्याच्यामागून नवा माठ, पहिल्यांदा पाणी भरलेला. मग बराच वेळ काही नाही, आणि अगदी शेवटी माझ्या ओळखीचं काहीतरी. मी डोळे मिटले. बारा वर्षांची होते, आईबरोबर पहाटे जंगलात विडीची पानं तोडायला जायची, दुपारी पुडे बांधून उन्हात मांडायचे.

"तेंदूपत्ता," मी म्हटलं. "उन्हात वाळायला मांडलेला, दुसऱ्या दिवशीचा."

संघू म्हणाली, "आम्ही सगळे त्याले तंबाखू म्हणत होतो."

"तंबाखू नाई. तंबाखू नाकात टोचते. हे तेंदू आहे."

तिने वहीत तंबाखू खोडून तेंदूपत्ता लिहिलं. मग पेला माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः हुंगली.

मी म्हटलं, "चांगली झाली बाई तुही वाईन."

एवढंच म्हटलं. पण चार वर्षांचं होतं ते. ती रडली आणि मीही रडले. मालक टाकीमागे जाऊन उगाच तोटी तपासत बसले.

२८ मे

पुण्याचा अहवाल आला. पहिल्या थैलीत दोष, दुसरी थैली साफ. शहाण्णव बाटल्या बाद. प्रत्येकच खराब असेल असं नाही, पण कुठली चांगली हे उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडली की संपली.

संघूने मुंबईच्या गृहस्थांना स्वतः फोन केला. मी शेजारी बसले होते. तिने काहीही लपवलं नाही, बुचाचं सांगितलं, अहवालाचं सांगितलं, माझ्या नाकाचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, उरलेल्या सगळ्या घेतो. आणि विचारलं, तुमच्या आई कुठल्या? संघू म्हणाली, चिमूरच्या. ते म्हणाले, ते कुठे आलं? त्या गृहस्थांकडे एवढ्या देशांच्या बाटल्या आहेत, चिमूर ठाऊक नाही. मी संघूला म्हटलं, नकाशा पाठव त्यांना.

३० मे

आज शहाण्णव बाटल्या ओतल्या. खरं तर पंचाण्णव, पहिली तर चिमुरातच उघडली होती.

खताच्या खड्ड्याजवळ क्रेट मांडले होते. संघू स्क्रू घेऊन उभी, पण तिचा हातच पुढे जाईना. मी पदर खोचला. म्हटलं, "दे इकडं. मले सवय आहे."

दोन. तिच्या अक्षरात, दोन छेद दोनशे साठ. बूच निघालं. मी बाटली तिरपी केली आणि माझा हात थांबला. आजवर किती डबे उलटे केले असतील, मोजले नाहीत. आरडाओरडा झाला, शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही बसला, पण हात कधी अडला नव्हता. आज अडला. लाल धार खड्ड्यात पडायला लागली आणि मला वाटलं मी कोणाच्यातरी घरात शिरून त्यांचं अन्न सांडतेय.

संघूने मागून माझं मनगट धरलं. मग दोघींनी मिळून ओतल्या. दहाव्या-बाराव्या बाटलीपासून जमायला लागलं, तिसाव्यापासून गप्पा सुरू झाल्या. तिने विचारलं, समितीत कधी भीती वाटली का? वाटली, म्हटलं, दरवेळी. तिने सांगितलं, तिलाही वाटते, दर हंगामात. सत्तराव्या बाटलीला ती म्हणाली, "आई, पुढच्या साली बुचं आली की आधी तुले पाठवीन." मी म्हटलं, एसटीच्या पार्सलने पाठव, स्वस्त पडते.

५ जून, घरी

काल पोहोचले. येताना संघूने त्या गृहस्थांना सांगून मागे ठेवलेली एक बाटली दिली, शेवटची: २६०/२६०. दुसऱ्या थैलीची. नागपूरपासून मांडीवर आडवी धरून आणली. शेजारच्या बाईने विचारलं, बाळ आहे का? मी म्हटलं, हो, झोपलंय.

घरी येऊन पाहते तर घमेलं, वाळू, बारदाना सगळं जसंच्या तसं, आणि ओलं. अठरा दिवस बापूराव रिकाम्या वाळूला पाणी घालत होते. विचारलं तर म्हणाले, "तू रिकाम्या हातानं येशीन असं वाटलंच नाई मले." जेवताना त्यांना भाकरीवर तूप जास्त वाढलं.

बारदाना मात्र फेकला. नवा, धुतलेला घातला.

आज समितीची बैठक होती. मी पदराखालून बाटली काढून सतरंजीवर, सगळ्यांच्या मधोमध आडवी ठेवली. जे काय व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे. बंदी उठली त्या दिवसापासून आमचं माल सापडल्याचं रजिस्टर बंद पडलं होतं. शकुबाईने ते पिशवीतून काढलं, धूळ झटकली, चष्मा लावला आणि लिहायला बसली. मला वाटलं, झालं.

लिहून झाल्यावर तिने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. माल: एक बाटली. कुठे सापडला: केसरबाई रामटेके यांच्या घरी, माठाखाली. देखरेख: पाणी टाकण्याची पाळी, सोमवार ते रविवार, आणि समोर सात बायांची नावं, सगळ्यात वर तिचं स्वतःचं.

शेवटचा रकाना होता, माल फोडल्याची तारीख. तिथं तिने लिहिलं होतं: आधी संघूले फोन करणे.